मुलाचे पाय पाळण्यात दिसतात का? अमेरिकेतल्या पोरांच्या फुटबॉल निवडीची साठ वर्षं



आजच्या सत्राचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "अहो, इतिहासाची व्याख्यानमाला आहे ना? मग पोरांचा फुटबॉल कुठून आला मध्येच?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की जी गोष्ट 'पहिल्यापासून अशीच चालत आली आहे' असं सगळे म्हणतात, तिची जन्मतारीख शोधणं हेच तर इतिहासाचं काम. आणि या विषयात आम्ही नुसते अभ्यासक नाही, पालकही आहोत. त्यामुळे मधूनमधून 'आम्ही' म्हटलं, की आमच्या घरातली दोन मोठी माणसं समजा.

ज्यांची मुलं अमेरिकेत वाढली त्यांना पुढचं दृश्य सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मे महिन्यातली संध्याकाळ. हिरवंगार मैदान. आठ-नऊ वर्षांची पन्नास-साठ मुलं, प्रत्येकाच्या छातीवर नंबर. हातात पाटी-कागद घेतलेले तीन-चार कोच त्यांच्यामधून फिरताहेत. कुंपणाशी पालक उभे. कोणी मोठ्याने बोलत नाही, पण प्रत्येकाची नजर एकाच नंबरावर खिळलेली. याला म्हणतात ट्रायआउट, निवड चाचणी. दोन-तीन दिवसांनी ईमेल येते. काहींना पहिला संघ, काहींना दुसरा, आणि काहींना 'आपण आलात याबद्दल आभार'. दुसऱ्या दिवशी ही सगळी मुलं एकाच शाळेत, एकाच वर्गात शेजारी शेजारी बसतात.

आता आपल्या लहानपणाकडे या. गल्लीत संध्याकाळी क्रिकेट किंवा लगोरी खेळायची म्हटलं की आधी काय व्हायचं? टीम पाडायच्या. दोन कॅप्टन आळीपाळीने एकेक भिडू उचलणार. म्हणजे निवड तिथेही होती, पारखही होती. कोण चांगला, कोण ढिला, सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि शेवटी उरणाऱ्याला वाईटही वाटायचं. पण दोन टीम बरोबरीच्या व्हाव्यात म्हणून ती पारख होती, कारण एकतर्फी सामन्यात कोणालाच मजा नाही. आणि सगळ्यात लहान असेल तो कच्चा लिंबू. तो आउट झाला तरी चालायचं, पण खेळायचा.

हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवा. मुलांची पारख वाटणी करण्यासाठी करायची, की वगळण्यासाठी? पारख करणारा तोच आणि कागदही तोच, पण हेतू बदलला की सगळंच बदलतं. अमेरिकेतल्या पोरांच्या फुटबॉलचा, म्हणजे तिकडच्या भाषेत सॉकरचा, साठ वर्षांचा इतिहास आमच्या मते या एका बदलाचा इतिहास आहे.

सुरुवात थोडी मागून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मुलांच्या स्पर्धा शाळांच्या हाती होत्या. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली सार्वजनिक शाळांची क्रीडा संघटना स्थापन झाली. स्थलांतरितांच्या मुलांना रस्त्यावरून मैदानावर आणायचं, हा उद्देश. पण १९३०च्या दशकापर्यंत शारीरिक शिक्षणातल्या तज्ज्ञांचंच मत फिरलं. लहान मुलांना चुरशीच्या स्पर्धेत ढकलणं बरं नव्हे, असं ते म्हणू लागले आणि प्राथमिक शाळांनी अंग काढून घेतलं. पण मुलांचं खेळणं काही थांबलं नाही. ती मोकळी जागा गावातल्या हौशी माणसांनी भरली. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टोट्झ यांनी लहान मुलांची बेसबॉल लीग सुरू केली, तीच पुढची जगप्रसिद्ध लिटल लीग. म्हणजे शिक्षकांनी ज्या दारातून काढता पाय घेतला, त्याच दारातून पालक आत आले. पुढे जे काही घडलं, त्यातलं बरंचसं या एका अदलाबदलीतून घडलं.

सॉकरची पाळी आली १९६४ साली. कॅलिफोर्नियात टॉरन्स इथे काही मंडळींनी 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' स्थापन केली. पहिल्या हंगामात संघ होते फक्त नऊ. तत्त्वं साधी होती. जो नाव नोंदवेल त्याला प्रवेश. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळणारच. आणि दर वर्षी संघ नव्याने, समतोल पाडायचे. म्हणजे मुलांची पारख इथेही व्हायची, पण ताकद सारखी वाटण्यासाठी. आपली गल्लीच म्हणा ना, फक्त गणवेश घातलेली.

यांचे कोच कोण? मुलांचे आईवडील. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी हा खेळ खेळलेला नव्हता. पुस्तक वाचून, एकमेकांना विचारून शिकवायचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेटमार क्रॅमर हे जर्मन प्रशिक्षक अमेरिकेत आले, त्यांनी कोचांसाठी शिबिरं घेतली आणि परवान्यांची पद्धत रुजायला लागली. यात वाईट काहीच नव्हतं. ज्याला खेळ कळतो त्याने शिकवावं, हे केव्हाही बरं. पण यातून एक नवा व्यवसाय जन्माला येत होता, आणि व्यवसाय म्हटला की पगार आला.

१९७०च्या दशकात तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी झाल्या. पहिली, पेले. १९७५ साली ते न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आले आणि अमेरिकेला हा खेळ दिसला. ऑगस्ट १९७७मध्ये न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर एका सामन्याला ७७ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. दुसरी, १९७४ साली राष्ट्रीय पातळीवर युवा सॉकर संघटना उभी राहिली आणि १९७७पासून राज्याराज्यांत ऑलिंपिक विकास कार्यक्रमाच्या निवड चाचण्या सुरू झाल्या. देशासाठी खेळाडू हेरायचे तर निवड हवीच, हे कोणीही मान्य करेल. पण ही निवड अजून वरच्या वयोगटांत होती, पाळण्यापर्यंत पोचली नव्हती.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि मुलींच्या आईवडिलांनी ती विसरू नये. १९७२चा 'टायटल नाइन' कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलींना डावलायचं नाही, असा हा कायदा. त्यात सॉकरचं नावही नाही. पण कायदा झाला तेव्हा अमेरिकेतल्या हायस्कूलांत सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे ७००. २०१७-१८मध्ये त्या झाल्या ३ लाख ९० हजारांच्या आसपास. १९९१मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला. १९९९ची अंतिम लढत कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलमध्ये ९० हजारांवर प्रेक्षकांनी पाहिली. आमच्या लेकीला मैदान मिळालं ते या कायद्यामुळे, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो.

पण याच वाटेने एक आशाही घरात शिरली, कॉलेजच्या शिष्यवृत्तीची. अमेरिकेतली कॉलेजची फी आपण जाणताच. 'आत्ता क्लबवर खर्च करू, पुढे कॉलेज फुकट' हा हिशेब मध्यमवर्गीय घरांत मांडला जाऊ लागला. हिशेब कसा होता ते पाहा. अगदी अलीकडेपर्यंत वरच्या श्रेणीतल्या कॉलेजच्या महिला संघाला जास्तीत जास्त १४ शिष्यवृत्त्या देता येत. पुरुषांच्या संघाला ९.९. संघात मुली पंचवीस-तीस. मग त्या १४चे तुकडे करून वाटायचे. म्हणजे निवड झालेल्या मुलीलाही बहुधा तुकडाच मिळायचा. तरी आम्ही सगळ्यांनी तो हिशेब मांडला. जमाखर्चात पक्की असणारी आपली माणसं, पण पोरांच्या बाबतीत आकडे बघायचे राहूनच जातात.

इथे एक प्रश्न येतो. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेतही लहान वयात निवड होते, मग तिथल्या चांगल्या क्लबात पालकांना एवढी फी का भरावी लागत नाही? कारण तिथे क्लब मुलाला घडवतो आणि पुढे तो मोठ्या क्लबात गेला की त्याची किंमत वसूल करतो. अमेरिकेत ही साखळीच रुजली नाही. मग क्लबचं उत्पन्न कुठलं? पालकांची फी. कोचचा पगार, मैदानाचं भाडं, स्पर्धांचा प्रवास, सगळं त्यातून. वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात. म्हणजे मूल हा खेळाडू आणि पालक हा गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाला काय हवं असतं? आपल्या मुलाला 'पहिला संघ' म्हणावं. ते विकायचं तर दुसरा संघ आणि तिसरा संघ असावाच लागतो. शिडीला खालच्या पायऱ्या नसतील तर वरच्या पायरीला किंमत कुठून येणार?

अशी ती शिडी वरून खाली वाढत गेली. २००७मध्ये राष्ट्रीय महासंघाने मुलांसाठी 'डेव्हलपमेंट अकादमी' काढली. २००९मध्ये मुलींच्या मोठ्या क्लबांची वेगळी लीग निघाली. २०१२पासून अकादमीने दहा महिन्यांचा हंगाम केला आणि मुलांना स्वतःच्या शाळेच्या संघातून खेळायला बंदी घातली. वरच्या पायरीला सोळा वर्षांची मुलं हवीत, म्हणून खालचा क्लब बारा वर्षांची निवडणार, त्याच्या खालचा आठ वर्षांची. आणि ज्या घरात एकच गाडी आहे, आईवडील दोघंही शनिवारी कामावर आहेत, ते घर चाचणीआधीच बाहेर. त्या मुलाच्या छातीवर नंबरच लागत नाही, त्यामुळे ते वगळलं गेलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. आठव्या वर्षी निवड करणारा प्रत्येक कोच याच म्हणीवर भिस्त ठेवून उभा असतो. पाय खरंच दिसतात का?

कॅनडात १९८०च्या दशकात एक मजेशीर गोष्ट झाली. लेथब्रिज गावात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ सहकुटुंब आइस हॉकीचा सामना पाहायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला हातातली माहितीपत्रिका चाळत होत्या. त्यांना दिसलं की खेळाडूंच्या जन्मतारखा बहुतेक जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पुढे हिशेब केला तर वरच्या दर्जाच्या हॉकीपटूंत सुमारे ४० टक्के वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले, आणि शेवटच्या तीन महिन्यांतले जेमतेम १० टक्के. कारण उघड होतं. कॅनडात हॉकीचा वयोगट १ जानेवारीला सुरू होतो. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठं. आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. ते उंच असतं, पळतं जोरात, कोचचं बोलणं त्याला पटकन कळतं. म्हणून त्याची निवड होते. निवड झाली की चांगला कोच, जास्त सराव, चांगले सोबती. चार वर्षांनी ते खरोखरच सरस झालेलं असतं. मग कोच म्हणतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

कोणी म्हणेल, हा योगायोग असेल, थंडीत जन्मलेली मुलं दणकट असतील. याचं उत्तर बेल्जियमने दिलं. तिथे फुटबॉलचा वयोगट १९९७मध्ये १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणला गेला. वर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी आधीचं आणि नंतरचं वर्ष ताडून पाहिलं. निवडलेल्या मुलांत आधी ऑगस्टनंतरच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी होती. तारीख सरकली तशी ती गर्दीही जानेवारी-मार्चकडे सरकली. बदललेली होती ती फक्त तारीख.

हे सगळं आम्ही तेव्हा वाचलेलं नव्हतं. आम्हाला ते घरात शिकायला मिळालं.

आमची लेक ऑक्टोबर २००७ची. त्या वेळी अमेरिकेत सॉकरचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं, म्हणजे ती आपल्या गटात थोरल्यांपैकी. मे २०१५मध्ये पहिली चाचणी दिली आणि थेट पहिल्या संघात गेली. आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले. पुण्याला फोन केले. आजोबा म्हणाले, "अरे, मी कॉलेजात असताना फुटबॉल खेळायचो, रक्तातच आहे." कोणाला वगळलं, त्यांचे वाढदिवस कधी, हा विचारही मनाला शिवला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महासंघाने जाहीर केलं, की यापुढे वयोगट जन्मवर्षाप्रमाणे, १ जानेवारीपासून. २०१७पर्यंत सगळ्यांना ते बंधनकारक होतं. आमच्या क्लबने २०१६मध्येच लागू केलं. एका कागदाने आमची लेक थोरल्यांतून धाकट्यांत आली. मैदानावरच्या बऱ्याच मुली शाळेत तिच्याहून एक इयत्ता पुढे. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी ईमेल आली, आभार मानणारी. साडेआठ वर्षांच्या मुलीने एकच प्रश्न विचारला, "मागच्या वर्षी मला येत होतं ना? मग विसरले कशी?"

क्लबला पत्र लिहिलं. उत्तर आलं की निवड गुणवत्तेवर होते. आम्ही चिडलो, दुसरा क्लब शोधला, शनिवारी खाजगी शिकवणी लावली. तिथला कोच सामना चालू असताना बाहेरून सतत ओरडायचा, इकडे जा, पास दे, मागे हो. मुलं चेंडूकडे बघायची सोडून त्याच्याकडे बघायची. आणि घरी येताना गाडीत तोच सामना आम्ही तिला पुन्हा समजावून सांगायचो. काठावर बसून पोहायला शिकवणं यापेक्षा वेगळं नसतं. तेराव्या वर्षी तिने बूट माळ्यावर टाकले.

दोष कोणाचा, यावर घरात बरंच बोलणं झालं. शेवटी एक गोष्ट आम्हाला कबूल करावी लागली. तारीख आमच्या बाजूने होती तेव्हा आम्ही तिला गुण म्हटलं. तारीख उलटली तेव्हा तिला अन्याय म्हटलं. २०१५च्या त्या मे महिन्यातही जुलैत जन्मलेली कोणाची तरी मुलगी आभाराची ईमेल वाचून झोपली असेल. आम्ही तेव्हा पेढे वाटत होतो.

मंडळी, इतिहास वाचायचा तो एवढ्यासाठी, की माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं हे त्यातून दिसतं. या विषयात ते वारंवार घडलंय. काही पालक आणि खेळाडू २०१४मध्ये मुलांच्या डोक्याच्या इजांवरून न्यायालयात गेले. २०१५मध्ये तडजोड झाली आणि महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला मनाई केली. जी अकादमी मुलांना शाळेच्या संघातून खेळू देत नव्हती, ती २०२०मध्ये बंद झाली. आणि ज्या तारखेने आमच्या घरात रडारड झाली, तीही परत फिरली. २०२६-२७च्या हंगामापासून अमेरिकेतल्या मोठ्या युवा संघटनांचे वयोगट पुन्हा १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे ठरले आहेत. वर्गमित्रांना एकत्र खेळता यावं, हे त्यामागचं एक कारण. चांगलंच झालं. पण तारीख कुठलीही ठेवा, तिच्या मागे कोणीतरी धाकटं असणारच. ऑक्टोबरची मुलं आता हसतील आणि जूनची रडतील.

म्हणून तारखेपेक्षा वयाकडे बघायला हवं. नॉर्वेने १९८७ साली मुलांच्या खेळांसाठी नियम केले, २००७मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून नव्याने मांडले. अकराव्या वर्षापूर्वी गुणतक्ते नाहीत, तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय स्पर्धा नाहीत. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा तो देश. तिथून अर्लिंग हालांड निघाला आणि बॅलन डी'ऑर मिळवणारी पहिली महिला खेळाडू आडा हेगरबर्गही निघाली. उशिरा निवडलं म्हणून हिरे हरवतातच असं नाही, एवढं तरी यातून म्हणता येईल.

शेवटी, पुढच्या मे महिन्यात कुंपणाशी उभं राहणाऱ्या तरुण आईबापांना आमचं सांगणं थोडकं आहे. क्लबला तीन प्रश्न विचारा. पहिला, तिसऱ्या संघाला कोच कोण, आणि तो पहिल्या संघाच्या कोचइतकाच शिकलेला आहे का? दुसरा, प्रत्येक मूल किती वेळ खेळेल? तिसरा, संघातल्या मुलांचे जन्ममहिने कोणते? तिसऱ्या प्रश्नावर कोच गप्प झाला तर समजा, कोणी पहिल्यांदाच विचारलंय. आणि तुमच्या मुलाची निवड झाली, तर हे प्रश्न आणखी जोरात विचारा, कारण ज्याची झाली नाही त्याच्या आईबापांचं कोणी ऐकत नाही.

आमची लेक आता अठरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं शनिवारी सकाळी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून जाते, थोडे पैसे मिळतात. मागे एकदा विचारलं, पुन्हा खेळावंसं वाटतं का? म्हणाली, "वाटतं कधी कधी. पण तुम्ही बघायला येऊ नका."

 प्रश्न असतील तर घेऊ या.